उचलून नेता येईल अशी सायकल

सायकल माणसाला वाहून नेते, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु जेथे डोंगर अधिक आणि सपाटी थोडी, अशा मुलखात माणसालाच सायकल वाहून नेण्याचे प्रसंग येतात. आणि ते वर्षातून एकदोनदा नव्हे, तर कित्येकांना दिवसातून एकदोनदा येतात. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य बाजूचे भोर आणि वेल्हे हे दोन तालुके अशा मुलखांपैकी होत. यांपैकी वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. तथापि लोकांच्या तोंडी जुने नाव अद्याप रुळलेले असल्यामुळे येथे तेच वापरले आहे. सायकल विकत घेताना गिऱ्हाईक सामान्यतः तिचा रंग, तिची किंमत आणि दुकानदाराची हमी पाहते. ती उचलून मात्र पाहत नाही. या मुलखात ही परीक्षा प्रथम करावयास हवी, आणि ती कशी करावी याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हा मुलूख डोळ्यांपुढे आणावा. तोरणा, राजगड, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्या रांगांमधून गुंजवणी, कानंद, वेळवंडी आणि नीरा यांची खोरी उतरत गेली आहेत. रेल्वे या दोन्ही तालुक्यांतून जात नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर कापूरहोळ येथे भोरचा फाटा फुटतो आणि नसरापूरवरून वेल्ह्याचा रस्ता निघतो. भोरच्या पुढे वरंध घाटाने महाडकडे उतरता येते. पण पावसाळ्यात हा घाट अनेकदा वाहतुकीस बंद ठेवावा लागतो. वेल्ह्यापलीकडचे मढे घाट, उपांड्या घाट हे तर पायवाटांचेच घाट होत. मुख्य गावापर्यंत डांबरी रस्ता आणि एस.टी.ची गाडी पोहोचते. परंतु वाड्या रस्त्यापासून दूर, टेपावर किंवा ओढ्यापलीकडे वसलेल्या असतात. सायकलचा खरा उपयोग वाडी आणि गाव यांमधील या दोन-चार किलोमीटरांतच आहे, आणि तिला उचलण्याची पाळी येते तीही तेथेच.

असे उचलण्याचे प्रसंग मुख्यतः चार आहेत. पहिला, वाडीच्या पायवाटेवरचा: ओढा, दगडी पायऱ्या, शेताचा बांध, किंवा जेमतेम माणूस जाईल एवढा साकव. दुसरा, वाहनाचा: सायकल एस.टी.त, वडापच्या जीपमध्ये, किंवा जलाशय ओलांडावा लागल्यास नावेत चढविण्याचा. तिसरा प्रसंग पुण्या-मुंबईचा. या दोन तालुक्यांतील कित्येक कुटुंबांतले कोणी ना कोणी शिक्षणासाठी किंवा पोटापाण्यासाठी शहरात खोली घेऊन राहिलेले असते. खोली दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली ठेवलेली सायकल सकाळी जागेवर असेलच असा भरवसा नाही. चौथा प्रसंग घाटाचा: हौसेने किंवा कामाने डोंगर ओलांडणाऱ्याचा. या चारही प्रसंगी सायकल हे वाहन राहत नाही, तर ओझे होते. आणि ओझ्याचे नियम वाहनाच्या नियमांहून वेगळे असतात.

आपल्याकडील जुनी काळी सायकल या दृष्टीने कशी आहे? इंग्लंडमधील ज्या सायकलीला 'रोडस्टर' म्हणत, तिचाच नमुना हिंदुस्थानातील कारखान्यांनी उचलला. मद्रासचा टी.आय. सायकल्सचा कारखाना १९४९ साली, सोनपतचा ॲटलासचा १९५१ साली आणि लुधियानाचा हीरो सायकल्सचा १९५६ साली निघाला. या व अशा इतर कारखान्यांच्या सायकली खेडोपाडी पोहोचल्या. अठ्ठावीस इंची चाके, जाड पोलादी नळ्यांचा सांगाडा, दांड्यांचे ब्रेक, पूर्ण झाकलेली साखळी, भक्कम कॅरियर आणि मागील चाकाला उचलून धरणारा स्टँड, अशी तिची घडण. तिचे वजन साधारणतः वीस ते बावीस किलो भरते. दुधाच्या बरण्या, धान्याचे पोते, मागे एक आणि पुढे एक माणूस, एवढे सगळे तिने निमूटपणे वाहिले. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ती सपाट रस्त्यासाठी आणि माल वाहण्यासाठी बनलेली आहे. स्वतः वाहिली जाण्यासाठी नव्हे.

आता वजनाचा हिशेब मांडून पाहू या. समजा, स्वाराचे वजन पंचावन्न किलो, दप्तर किंवा पिशवी पाच किलो, आणि सायकल वीस किलो. एकूण ऐंशी किलो झाले. याच स्वाराने तेरा किलोची सायकल घेतली, तर बेरीज त्र्याहत्तर होते. चढावर जे श्रम पडतात ते या एकूण वजनाच्या प्रमाणात असतात. म्हणजे सात किलोंनी हलकी सायकल घेऊन चढावरचे श्रम शेकडा नऊंहूनही थोडे कमीच वाचले. सपाटीवर तर वाऱ्याचा अडथळा आणि टायरचे घर्षण यांचाच मुख्य विरोध असल्यामुळे हा फरक जवळजवळ जाणवत नाही. परंतु तीच सायकल खांद्यावर घेतली की बेरीज उरत नाही. तेथे वीस विरुद्ध तेरा असा सरळ सामना असतो, आणि ओझे शेकडा पस्तीसांनी उतरते. चाळीस किलो वजनाच्या शाळकरी मुलीला वीस किलोची सायकल म्हणजे स्वतःच्या निम्म्या वजनाचे ओझे. बारा-तेरा किलोची म्हणजे सुमारे एक-तृतीयांश. पहिल्या ओझ्यासाठी ती कोणाच्या तरी मदतीची वाट पाहत ओढ्याकाठी उभी राहील. दुसरे ती स्वतः उचलून पलीकडे जाईल.

यावरून सायकलच्या निवडीचे मुख्य सूत्र हाती लागते. हलकेपणाचा खरा लाभ चालवताना नव्हे, उचलताना होतो. म्हणून ज्याला सायकल कधीच उचलावी लागत नाही, त्याने हलकेपणासाठी पैसे खर्चण्याचे कारण नाही. त्याने मजबुती पाहावी. आणि ज्याला ती रोज उचलावी लागते, त्याने दर किलोचा विचार करावा. दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, 'दिवसातून किती वेळा, किती पावले आणि किती पायऱ्या ही सायकल मला उचलावी लागणार आहे?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे निम्मी निवड झालीच.

वजन सायकलमध्ये कोठे दडलेले असते, हे आता पाहावे. मोठा भाग सांगाड्यात आणि चाकांत असतो. सांगाडा चार प्रकारच्या द्रव्यांचा मिळतो. साधे पोलाद स्वस्त आणि जड. त्यापेक्षा वरच्या दर्जाचे मिश्र पोलाद अधिक बळकट असल्यामुळे त्याच्या नळ्या पातळ करता येतात. इंग्लंडमधील रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेल्या '५३१' या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या याच कारणाने प्रसिद्ध झाल्या. याच घराण्याने १८९७ साली दुसरीही एक युक्ती काढली होती. सांगाड्यावरचा ताण नळ्यांच्या सांध्यांशी अधिक आणि मध्यभागी कमी असतो. म्हणून नळी टोकांशी जाड आणि मध्ये पातळ ठेवावयाची. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, पण वजन घटते आणि बळ राहते.

तिसरे द्रव्य ॲल्युमिनियमचे मिश्रण. त्याचे वजन पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश. पण त्याचा ताठपणाही तेवढ्याच प्रमाणात कमी. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याच्या नळ्या व्यासाने मोठ्या कराव्या लागतात. म्हणूनच आजच्या हलक्या सायकलीच्या नळ्या जुनीपेक्षा जाड दिसतात. जाड दिसते ते जड असते हा समज येथे खोटा ठरतो. चौथे द्रव्य कार्बनच्या तंतूंचे. ते सर्वांत हलके, पण महाग; शिवाय जीपच्या टपावर दोरीने आवळले किंवा दगडावर आपटले, तर आतून चीर जाऊ शकते आणि बाहेरून ती चटकन दिसत नाही. शर्यतीच्या स्वाराला ते शोभते. वडापच्या प्रवासाला नव्हे. एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवावी. पोलादी सांगाडा मोडला तर तालुक्याच्या गावी डाग देऊन तो सांधता येतो. ॲल्युमिनियम सांधण्याची कला आणि साधने सर्वत्र नसतात.

परंतु नवी सायकल घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते, आणि वजन कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय नव्या सायकलीत नसून जुनीच्या अंगावर आहे. दुहेरी पायांचा लोखंडी स्टँड, जाड कॅरियर, पूर्ण साखळीझाकण, मडगार्डाच्या कांबी, डायनॅमो आणि जाडजूड साखळी-कुलूप, ही सर्व एकत्र केली तर दोन ते चार किलो सहज भरतात. यांतील काय खरोखर लागते ते ठरवावे. ज्याला मागे ओझे न्यावयाचे नाही, त्याने कॅरियर काढून ठेवावा. दुहेरी स्टँडऐवजी बाजूचा एकपायी बसवावा. लोखंडी रिमांऐवजी ॲल्युमिनियमच्या बसविता येतात. मात्र मडगार्ड काढण्याचा मोह आवरावा. या मुलखातील पावसात मडगार्डाविना सायकल चालवणे म्हणजे पाठीवर चिखलाचा पट्टा ओढून घेणे होय. हवे तर लोखंडी काढून प्लास्टिकचे लावावे.

वजनाइतकीच, किंबहुना त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजनाची मांडणी. डोक्यावरची घागर आणि तितक्याच वजनाची काखेतली पेटी यांत कोणती जास्त जाचते, हे पाणी भरणाऱ्यास सांगावयास नको. कावडीचे दोन्ही बाजूंचे ओझे सारखे असले म्हणजे मनाएवढे पाणीही चालते. एक बाजू जड झाली की पाऊल अडखळते. सायकलचेही तसेच. मागील चाक, त्यावरील दाते, साखळी आणि कॅरियर यांमुळे तिचा मागचा भाग जड असतो. आडव्या नळीला एका हाताने धरून सायकल उचलावी; ज्या ठिकाणी धरले असता ती पुढे किंवा मागे न कलता सपाट राहते, तो तिचा तोल. ही जागा हाताला सोयीची, मोकळी आणि ब्रेकच्या तारांपासून दूर असली पाहिजे. जिचा तोल अगदी मागे, सीटखाली जातो, ती सायकल काट्यावर हलकी भरली तरी हातात जड लागते.

सांगाड्याच्या आकाराचाही येथे संबंध येतो. ज्या सायकलीला आडवी नळी असते, तिच्या नळ्यांचा पुढचा त्रिकोण खांदा घालण्यास जणू मुद्दाम ठेवलेला असतो. सायकलच्या डाव्या बाजूस उभे राहावे, उजवा हात त्रिकोणातून घालून आडवी नळी उजव्या खांद्यावर घ्यावी आणि त्याच हाताने हँडल धरावे. अशा रीतीने साखळीची तेलकट बाजू अंगापासून दूर राहते, डावा हात आधारासाठी मोकळा राहतो, आणि पायरी चढता येते. चिखलातून आणि टेकड्यांवरून होणाऱ्या सायकलच्या शर्यतींत स्वार याच पद्धतीने सायकल वाहतात. नळीवर जुने कापड किंवा फोमची पट्टी गुंडाळली तर खांदा दुखत नाही. पाण्याच्या बाटलीची कडी मात्र त्रिकोणात लावू नये. ती नेमकी खांद्याच्या जागेवर येते.

बायकांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलीत आडवी नळी नसते. त्यामुळे साडी नेसून चढणे सोयीचे होते. परंतु त्रिकोण मोडल्यामुळे गेलेले बळ भरून काढण्यास उरलेल्या नळ्या जाड कराव्या लागतात, आणि खांद्याला जागा राहत नाही. म्हणजे जी मुलगी ओढा ओलांडून शाळेत जाणार, तिच्या वाट्याला उचलण्यास सर्वांत अवघड सायकल येते. आता बहुतेक मुली सलवार किंवा शाळेच्या गणवेशात सायकल चालवतात. तेव्हा आडवी किंवा किंचित उतरती नळी असलेली, उंचीने बेताची सायकल त्यांना घ्यावयास काहीच हरकत नाही. मुलीसाठी सायकल घेणाऱ्या पालकांनी दुकानातील पाटीपेक्षा तिच्या वाटेकडे अधिक पाहावे.

आता घडीच्या सायकलीकडे वळावे. ही कल्पना नवी नाही. फ्रान्सच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन जेरार यांची घडीची सायकल वापरात आली होती. पाठीवर बांधून ती सैनिकाने न्यावी अशी योजना होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बी.एस.ए. कंपनीने विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी घडीची सायकल बनविली. तिच्या सांगाड्यात हाताने फिरविण्याचे, पंखांसारखे दोन नट असत. ते सैल केले की सायकल मध्यावर मिटे. तिचे वजन सुमारे ३२ पौंड, म्हणजे साडेचौदा किलोंच्या आसपास होते. पुढे १९६२ साली अलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांची सायकल लोकप्रिय केली, आणि लहान चाक कमकुवत असते हा समज दूर झाला. लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी १९७५च्या सुमारास ज्या ब्रॉम्प्टन सायकलीचा नमुना रचण्यास सुरुवात केली, ती सोळा इंची चाकांची सायकल मिटली असता सुमारे साठ सेंटिमीटर लांब-उंच आणि सत्तावीस सेंटिमीटर रुंद एवढ्या जागेत बसते. म्हणजे मोठ्या प्रवासी बॅगेएवढीच होते.

घडीच्या सायकलीचा मोठा गुण हलकेपणा नव्हे, तर आटोपशीरपणा. मध्यभागीच्या बिजागरीमुळे आणि खिट्ट्यांमुळे तिचे वजन उलट वाढते. स्वस्त घडीच्या सायकली पंधरा किलोंच्या आसपास भरतात. खांद्यावर घेऊन पायवाट चढण्यास ती सोयीची नाही, कारण तिला त्रिकोणच नसतो. परंतु वाहनात चढविण्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. एस.टी.च्या गाड्यांच्या टपावर पूर्वी सामानाचा कठडा आणि मागे शिडी असे, आणि सायकल वर चढविणे हा नित्याचा प्रकार होता. आजच्या पुष्कळ गाड्यांना तो कठडा उरलेला नाही. अशा गाडीत उभी सायकल जाणे कठीण. मिटलेली, आणि वरून गोणपाट किंवा पिशवी घातलेली सायकल सामान म्हणून जाण्याची शक्यता पुष्कळ अधिक. तरीही निघण्यापूर्वी आगारात सामानाचा नियम आणि आकार विचारून घेणे शहाणपणाचे.

भोर किंवा वेल्ह्याहून पुण्यास कामासाठी जाणाऱ्याला या सायकलीचा विशेष उपयोग आहे. त्याची एस.टी. स्वारगेटला पोहोचते. पुण्याच्या मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. म्हणजे एस.टी., मेट्रो आणि शेवटचे दोन किलोमीटर सायकल, अशी साखळी आता जुळू शकते. पण त्यातील प्रत्येक दुव्यापाशी सायकल हातात घ्यावी लागते. येथे घडीची सायकल घ्यावी. मात्र घडी घालण्यास किती वेळ लागतो, मिटल्यावर ती आपोआप उलगडते की खिट्टीने बंद राहते, आणि मिटलेल्या अवस्थेत लहान चाकांवर ढकलता येते की उचलावीच लागते, हे तीन प्रश्न दुकानदारास विचारावेत. जी मिटूनही ढकलता येते, तिचे वजन निम्मे झाल्यासारखेच समजावे.

लहान चाकांचा दोषही सांगितला पाहिजे. चाक जितके लहान, तितके ते खड्ड्यात अधिक खोल जाते आणि धक्का अधिक देते. सोळा इंची चाक पुण्याच्या डांबरी रस्त्यावर निर्वेध चालते. पण वेल्ह्याच्या बाजूच्या मुरूम-खडीच्या वाटेवर तेच चाक स्वाराची हाडे खिळखिळी करील. घडीची सायकल या मुलखात घ्यावयाचीच असेल, तर वीस इंची चाकांची आणि रुंद टायरांची घ्यावी.

घडी आणि अखंड सायकल यांमधला तिसरा मार्ग पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि तोच बहुतेकांना परवडण्यासारखा आहे. तो म्हणजे चाके पटकन निघणारी साधी सायकल. इटलीतील तुलिओ काम्पान्योलो यांनी १९३०च्या सुमारास चाकाचा आस पान्ह्याविना, केवळ एका दांडीने सैल करण्याची युक्ती काढली. आज ती साध्या सायकलींवरही मिळते. सहा फूट लांबीची सायकल दोन्ही चाके काढली म्हणजे साडेतीन-चार फुटांत मावते, आणि जीपच्या मागच्या बाकाखाली किंवा मोटारीच्या डिकीत बसते. ओझे दोघांत वाटूनही घेता येते: सांगाडा एकाकडे, चाके दुसऱ्याकडे. रायरेश्वराच्या पठारावर जाण्यास शेवटी लोखंडी शिडी चढावी लागते. तेथे राहणाऱ्या शेतकरी कुटुंबाने सन २०२२ च्या सुमारास ट्रॅक्टर सुटा करून, त्याचे भाग खांद्यावरून वर नेऊन पुन्हा जोडला. जे अखंड उचलत नाही ते सुटे करून उचलावे, हा धडा याच तालुक्यातील शेतकऱ्यांनी घालून दिलेला आहे.

सायकल सुटी करताना काही गोष्टी सांभाळाव्या. मागील चाक काढण्यापूर्वी साखळी सर्वांत लहान दात्यावर आणावी. पुढील चाक निघाल्यावर काट्याच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा बसवावा. नाहीतर वरून ओझे पडून काटा दबतो आणि चाक पुन्हा बसत नाही. हँडल सैल करून सांगाड्याला समांतर फिरवावे. पॅडल काढावयाचे असेल तर एक खूण लक्षात ठेवावी: उजव्या पॅडलचा आटा नेहमीप्रमाणे असतो, डाव्याचा उलटा. उजवे पॅडल डावीकडे फिरविले म्हणजे सैल होते. डावे पॅडल उजवीकडे फिरविले म्हणजे सैल होते. हे ठाऊक नसल्यामुळे जोर लावून आटा मोडल्याची उदाहरणे प्रत्येक सायकलच्या दुकानात सापडतात. साखळीभोवती जुने कापड गुंडाळावे, आणि सर्व भाग जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधावे; दोरीप्रमाणे त्या सरकत नाहीत आणि रंग खरवडत नाहीत.

हलकेपणाच्या मागे लागून ज्या दोन गोष्टी सोडू नयेत, त्यांचाही निर्देश केला पाहिजे. पहिली गोष्ट गिअरची. गिअरमुळे एखादा किलो वजन वाढते हे खरे. परंतु पाबे घाटासारख्या चढणीवर एकाच दात्याची हलकी सायकल स्वाराला खाली उतरविते, आणि गिअरची थोडी जड सायकल त्याला बसल्या बसल्या वर नेते. ढकलण्याचा वेळ वाचविणारे वजन हे वाया गेलेले वजन नव्हे. म्हणून चढाची वाट असेल तेथे थोडे गिअर असावेत. एकवीस किंवा चोवीस असलेच पाहिजेत असे नाही, पुढे एक आणि मागे सात-आठ दाते पुरतात.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. डिसेंबर १९४१ ते फेब्रुवारी १९४२ या काळात जपानी सैन्य मलायातून सिंगापूरकडे उतरले ते बऱ्याच अंशी सायकलींवर. पूल मोडलेले आढळले की सैनिक सायकली खांद्यावर घेऊन नदी ओलांडीत. त्यांच्या सायकली काही विशेष हलक्या नव्हत्या. परंतु युद्धापूर्वी जपानी सायकली मलायात मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे त्यांचे सुटे भाग गावोगाव मिळत, आणि सायकली चालत राहिल्या. यातला बोध शांततेच्या काळासही लागू आहे. ज्या टायरचे माप भोरच्या किंवा नसरापूरच्या दुकानात मिळत नाही, ती सायकल कितीही हलकी असली तरी बाभळीच्या पहिल्या मोठ्या काट्याला घरी बसेल. विकत घेण्यापूर्वी टायरच्या बाजूवर छापलेले माप टिपून घ्यावे आणि ते आपल्या बाजारपेठेत मिळते की नाही याची चौकशी करावी. अगदी अरुंद टायरही टाळावेत. ते खडीवर टिकत नाहीत.

विजेवर चालणाऱ्या सायकली आता पुष्कळ दिसू लागल्या आहेत. चढणीवर त्या खरोखर मदत करतात. पण मोटार आणि बॅटरी यांमुळे त्यांचे वजन बहुधा वीस-पंचवीस किलोंवर जाते. ज्याचे दार रस्त्यावर आहे त्याने ती अवश्य घ्यावी. ज्याला ती साकवावरून किंवा जिन्यावरून न्यावयाची आहे, त्याने निदान बॅटरी निघते की नाही, आणि ती काढल्यावर उरलेले ओझे आपणास पेलते की नाही, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शेवटी दुकानातील परीक्षा. छापील पत्रकातील वजन पुष्कळदा स्टँड, मडगार्ड आणि पॅडल यांविना दिलेले असते. म्हणून त्यावर विसंबू नये. दुकानात वजनकाटा असेल तर प्रथम स्वतः त्यावर उभे राहावे, मग सायकल हातात घेऊन उभे राहावे. वजाबाकी हेच खरे वजन. त्यानंतर सायकल एका हाताने कमरेपर्यंत उचलावी आणि मनात वीस आकडे मोजावे. मग ती खांद्यावर घेऊन दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढाव्या-उतराव्या. पॅडल पोटरीला लागते काय, चाक पायरीला अडते काय, हँडल वळून तोंडावर येते काय, हे कोणतेही पत्रक सांगणार नाही. खांदा तत्काळ सांगतो. आणि ही परीक्षा जो सायकल वापरणार त्यानेच द्यावी. बापाने उचलून पाहून मुलासाठी किंवा मुलीसाठी घेतलेली सायकल बापाला हलकी असते.

साऱ्या विवेचनाचे सार थोडक्यात असे. वाडीच्या पायवाटेसाठी त्रिकोणी सांगाड्याची, बेताच्या उंचीची, तेरा-चौदा किलोंच्या आतली, साध्या मापाच्या टायरांची सायकल घ्यावी. एस.टी. आणि शहर यांमध्ये रोज येणाऱ्या-जाणाऱ्याने वीस इंची चाकांची घडीची घ्यावी. जीपने किंवा मोटारीने अधूनमधून नेणाऱ्यास चाके पटकन निघणारी साधी सायकल पुरते. ज्याचे घर रस्त्यावर आहे आणि ज्याला दूध-धान्य वाहावयाचे आहे, त्याची जुनी काळी सायकल आजही त्याच्यासाठी उत्तम आहे.

ज्या वाडीत शाळा प्राथमिक वर्गांपुरतीच आहे, तेथील मुलाचे पुढील शिक्षण पुष्कळदा बुद्धीवर अवलंबून नसते. गाव आणि वाडी यांमधले ते दोन-चार किलोमीटर रोज कसे कापावयाचे, यावर असते. पावसाळ्यात ओढ्यापाशी जी सायकल मुलाला स्वतःच्या बळावर पलीकडे नेता येते, ती जून-जुलैतही शाळेत पोहोचते. जी नेता येत नाही, ती पडवीत टेकून राहते, आणि तिच्याबरोबर मूलही घरी राहते. सायकल निवडताना दर किलोचा हिशेब करावयाचा तो एवढ्यासाठीच.